जुन्या ‘एटीव्ही’ची निगा : धूळ, पाणी आणि चाकांतील हवा

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर, मनालीच्या परिसरातील उतारांवर, जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर पर्यटकांना फेरी मारून आणणारी फुगीर टायरांची छोटी चारचाकी वाहने आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. ‘ऑल टेरेन व्हेइकल’ अर्थात ‘एटीव्ही’ हे त्यांचे तांत्रिक नाव. किनाऱ्यावर त्यांना ‘बीच बाईक’ म्हणतात, अन्यत्र ‘क्वाड बाईक’. दुचाकीप्रमाणे मांड टाकून बसायचे, हँडलने दिशा द्यायची आणि उजव्या अंगठ्याने वेग वाढवायचा, अशी ही रचना. पर्यटनाचे काही हंगाम पार पडले की यांपैकी अनेक वाहने विक्रीस निघतात. फळबागांचे मालक, शेतघर बांधलेले शहरवासी आणि साहसी सहलींची हौस असलेले तरुण ती विकत घेतात.

असे वाहन घेण्यात गैर काहीच नाही. अडचण निर्माण होते ती ते चालू स्थितीत मिळाल्यामुळे. इंजिन पहिल्या कळीला सुरू होते, रंग नुकताच दिलेला असतो, टायरांवर नक्षी शिल्लक असते आणि त्यामुळे देखभालीचा विचार पहिल्या बिघाडापर्यंत पुढे ढकलला जातो. एटीव्हीच्या बाबतीत ही दिरंगाई महागात पडते. या वाहनाचे बहुतेक गंभीर बिघाड दोनच वाटांनी येतात. एक वाट धुळीची, दुसरी पाण्याची. दोन्ही आपले काम बंद झाकणांच्या आड, आवाज न करता करीत असतात. तिसरी बाब चाकांची आहे आणि तिचा संबंध खर्चाशी नसून थेट चालकाच्या जिवाशी आहे.

किलोमीटर नव्हे, तास

मोटार किंवा मोटारसायकल विकत घेताना किती किलोमीटर झाले हा पहिला प्रश्न असतो. एटीव्हीसाठी हा आकडा फसवा ठरतो. समजा, मीटरवर ४,००० किलोमीटर दिसत आहेत आणि वाहन सरासरी ताशी १० किलोमीटर वेगाने फिरले आहे. म्हणजे इंजिन ४०० तास चालले. ताशी ४० किलोमीटर सरासरीने धावणारी मोटारसायकल तेवढ्याच तासांत १६,००० किलोमीटर गेली असती. त्यातही एटीव्हीचे तास बहुधा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तापलेल्या इंजिनावर आणि वाळू उपसत गेलेले असतात. म्हणूनच निर्मात्यांच्या पुस्तिकांत देखभालीचे वेळापत्रक तासांत दिलेले असते. मोठ्या एटीव्हींच्या मीटरमध्ये तासांची नोंद होते. छोट्या वाहनांत ती सोय नसल्यास इंजिनाच्या तासांची मोजणी करणारा स्वतंत्र मीटर बसवून घेता येतो. त्याची तार स्पार्क प्लगच्या वायरीभोवती गुंडाळावी लागते, एवढेच.

इंजिन ऑइल बदलण्यासाठी अनेक पुस्तिकांत १०० तास किंवा ठरावीक महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असा दंडक आढळतो. परंतु त्याच पुस्तिकांत खाली एक सूचना असते : चिखल, पाणी, वाळू, अतिशय संथ गती किंवा जड ओझे अशा वापरात ही मुदत कमी करावी. भारतात या वाहनांचा जवळजवळ सर्व वापर याच सदरात मोडतो. तेव्हा छापील मुदतीच्या निम्मी मुदत धरून चालणे शहाणपणाचे.

कागदपत्रांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. नोंदणीस पात्र ठरलेली मोजकी मॉडेल सोडली, तर आपल्याकडील एटीव्ही सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास परवानगी नसते. त्यांना नोंदणीपुस्तकही नसते. त्यामुळे विक्रीची पावती आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक हीच मालकीची ओळख. तो क्रमांक शाबूत आहे ना, हे पाहताना सांगाडाही निरखून पाहिला जातो, हा आणखी एक लाभ. आणि त्या मॉडेलची मूळ देखभाल-पुस्तिका मिळवावीच. पुढे जेथे जेथे ‘पुस्तिकेनुसार’ असे म्हटले आहे, तेथे अंदाज चालत नाही.

सर्व तेले एकदा नव्याने

जुने वाहन घरी आल्यावर त्यातील प्रत्येक तेल अज्ञात आहे असे समजावे. आधीच्या मालकाने काय सांगितले, याला फारसे महत्त्व देऊ नये. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, गिअर आणि डिफरन्शियलमधील तेल, ब्रेक फ्लुइड, रेडिएटर असल्यास कूलंट हे सर्व एकदा बदलून टाकले, की त्या दिवसापासूनचा हिशेब मालकाच्या हाती राहतो.

जुने तेल काढताना ते पांढऱ्या डब्यात काढावे आणि न्याहाळावे. काळे तेल ही काळजीची गोष्ट नाही. दुधाळ चहासारखे किंवा करड्या साईसारखे दिसणारे तेल म्हणजे त्यात पाणी शिरले आहे. अनेक वाहनांच्या ड्रेन बोल्टला चुंबक असते. त्यावर बारीक करडा लेप दिसणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कपचे किंवा गिअरच्या दात्याचे तुकडे दिसले, तर मात्र मिस्त्रीला बोलावण्याची वेळ आली असे समजावे.

किनाऱ्यांवर दिसणाऱ्या ११० सीसीच्या बऱ्याच छोट्या एटीव्हींमध्ये आडव्या सिलिंडरचे साधे इंजिन असते. त्याची मूळ धाटणी होंडाच्या जुन्या छोट्या मोटारसायकलींची. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर बहुधा नसतो. धातूची जाळी आणि कचरा बाजूला फेकणारी फिरती कटोरी एवढ्यावरच भागविलेले असते. शिवाय त्यात लिटरभरही ऑइल मावत नाही. एवढ्याशा तेलाला गाळण्याचे, थंड ठेवण्याचे आणि वंगणाचे काम करावे लागते. त्यामुळे ते वारंवार बदलणे हाच तेथे एकमेव उपाय आहे. सुदैवाने तो स्वस्त आहे.

ऑइलच्या निवडीतही एक खाचखळगा आहे. ज्या एटीव्हीत क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो, तेथे मोटारीचे ‘इंधन वाचविणारे’ ऑइल घालू नये. त्यातील घर्षण कमी करणारी रसायने क्लच घसरू देतात. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असलेले, मोटारसायकलींसाठीचे ऑइल अशा इंजिनांना चालते. तेलाची पातळी पाहताना पट्टी आटे बसवून पाहायची की नुसती टेकवून, हेही पुस्तिकेनुसार ठरते. छोट्या इंजिनात या एका फरकाने तेल कमी किंवा जास्त पडते.

इंजिन किती हवा पिते?

एटीव्हीच्या देखभालीत एकच काम नियमित करायचे ठरविले, तर ते एअर फिल्टरचे असावे. कारण साध्या गणितातून कळते. ४०० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडरभर हवा ओढते. मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर पूर्ण वेगात ते दर मिनिटाला १,००० लिटरच्या आसपास हवा आत घेते. मोटारीच्या इंजिनालाही हवा लागतेच, पण मोटार डांबरी रस्त्यावर धावते. एटीव्ही मात्र स्वतःच्या आणि पुढच्या वाहनाच्या चाकांनी उडविलेल्या धुळीतून जाते. वाळू आणि मातीतील सिलिका ही बीड आणि ॲल्युमिनियम या दोहोंहून कठीण असते. ती फिल्टर चुकवून आत गेली, की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखी घासत राहते. इंजिन लगेच बंद पडत नाही. हळूहळू दम कमी होतो, ऑइल जळू लागते, धूर निळसर दिसतो. तोवर दुरुस्तीचा अर्थ सिलिंडर आणि पिस्टन बदलणे असा झालेला असतो.

जुने वाहन पाहायला गेल्यावर सीट उचलून एअर बॉक्सचे झाकण उघडण्याची विनंती करावी. फिल्टर काढून त्याच्या मागच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर माती आली किंवा बोटाला कण खरखरले, तर इंजिनाने धूळ खाल्ली आहे. अशा वेळी कॉम्प्रेशनची तपासणी केल्याखेरीज किमतीची बोलणी करू नयेत. विक्रेता झाकण उघडण्यास टाळाटाळ करीत असेल, तर तेही एक उत्तरच होय.

बहुतेक एटीव्हींमध्ये फोमचा, तेल लावलेला फिल्टर असतो. स्पंजासारख्या त्या फोमची छिद्रे मोठी असतात. धूळ पकडण्याचे काम त्यातील चिकट तेल करते. म्हणून कोरडा फोम स्वच्छ दिसला तरी निरुपयोगी असतो. तो धुण्यासाठी फिल्टर क्लीनर वापरावा. तो न मिळाल्यास रॉकेलात, उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर, तो बुडवून दाबावा. नंतर साबणाच्या कोमट पाण्यातून काढावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. पेट्रोल वापरू नये. पेट्रोलाने फोमच्या जोडांचा गोंद सुटतो आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच. फोम पिळू नये, मुठीत दाबावा. पिळल्याने तो सांध्यांत फाटतो. वाळल्यावर फिल्टरसाठीचे खास तेल सर्वत्र सारखे मुरवून जास्तीचे तेल दाबून काढावे. शेवटी फिल्टर जेथे टेकतो त्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा. उत्तम फिल्टरही कडेला फट राहिली तर व्यर्थ ठरतो, आणि प्रत्यक्षात धूळ शिरते ती बऱ्याचदा याच फटीतून.

काही मोठ्या मॉडेलांमध्ये कागदी फिल्टर असतो. तो धुता येत नाही आणि त्यावर तेलही लावायचे नसते. काळवंडला की बदलावा. जोरदार हवेच्या नळीने तो साफ करण्याची आपल्याकडील पद्धत घातक आहे. त्या झोताने कागदात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात.

एअर बॉक्सच्या तळाशी टोपण लावलेली एक छोटी रबरी नळी असते. तिच्यात पाणी, तेल किंवा माती साचलेली दिसते का, हे रोज बाहेर पडण्यापूर्वी पाहणे सोपे आहे. नळीत पाणी असेल तर फिल्टरही ओला असणार. कोरड्या हंगामात वाळूत फिरणाऱ्या वाहनाचा फिल्टर प्रत्येक फेरीनंतर पाहावा लागतो. हे काम दहा मिनिटांचे आहे. दोन फिल्टर बाळगले, एक वाहनात आणि एक धुऊन तयार, तर कंटाळाही येत नाही.

धुळीचे भावंड म्हणजे चिखल. रेडिएटरच्या पात्यांत तो वाळून बसला, की पंखा फिरत राहतो आणि इंजिन तापत राहते. रेडिएटर मागच्या बाजूने, साध्या नळाच्या धारेने धुवावा. हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनांच्या पाकळ्यांनाही हेच लागू आहे.

पाणी आत कसे जाते?

डिफरन्शियल आणि गिअरचे डबे बंद असतात, सीलही शाबूत असतात, मग आत पाणी कुठून आले, असा प्रश्न अनेक मालकांना पडतो. उत्तर भौतिकशास्त्राचे आहे. चालताना हे डबे तापतात. तापलेले वाहन ओढ्याच्या थंड पाण्यात उतरले, की आतील हवा आकुंचन पावते आणि डबा बाहेरून काहीतरी आत ओढू लागतो. यासाठी निर्माते डब्यांना श्वासनळ्या बसवितात आणि त्यांची टोके हेडलाइटच्या मागे किंवा सीटखाली, उंचावर नेऊन ठेवतात. ती नळी तुटली, निसटली किंवा चिखलाने बुजली, तर डबा हवेऐवजी सीलच्या फटीतून पाणी ओढतो. जुन्या वाहनात या नळ्या शेवटपर्यंत तपासून घ्याव्यात. खोल पाण्यातून आल्यावर ड्रेन बोल्ट किंचित सैल करून थेंबभर तेल पाहिले, तरी पुरते.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. किनाऱ्यावर वापरलेले वाहन घेणाऱ्याने सांगाड्याकडे विशेष लक्ष द्यावे. नवा रंग पाहून समाधान मानू नये. इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर ओली खारी वाळू महिनोन्‌महिने साचून राहते आणि तिला टेकलेल्या नळ्या खालून कुजतात. पत्रा काढून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सांगाडा ठोकून पाहावा. भरीव नादाच्या जागी भद्द आवाज आला, किंवा रंगाखाली पापुद्रे सुटले, तर ते वाहन कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. ॲल्युमिनियमच्या भागात बसविलेले पोलादी बोल्ट खाऱ्या दमटपणात जणू सांधल्यासारखे घट्ट होतात. ते एकेक काढून, आटे साफ करून, ग्रीससारखे आटे न धरू देणारे लेपन लावून पुन्हा बसविणे हा एका रविवारचा उद्योग आहे. विजेच्या जोडण्या उघडून त्यांतील हिरवट थर काढणे आणि त्यांना विजेच्या जोडण्यांसाठीचे ग्रीस लावणे हाही त्याच दिवशीचा.

किनाऱ्यावरून परतलेले वाहन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतले पाहिजे. मात्र सर्व्हिस स्टेशनवरील जोरदार फवारा चाकांची बेअरिंगे, ॲक्सलवरील रबरी बूट आणि विजेच्या जोडण्या यांच्यावर धरू नये. चिखलाने जे सील वर्षभर ओलांडले नाही, ते हा फवारा क्षणात ओलांडतो. धुणे म्हणजे देखभालच, अशी समजूत असते. चुकीच्या जागी धरलेल्या फवाऱ्याने नेमके उलटे घडते.

वाहन पाण्यात बुडून इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर दाबण्याचा मोह आवरावा. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. वाहन ओढून कोरड्यात आणावे, स्पार्क प्लग काढावा, मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर टाकावे. एअर बॉक्स आणि कार्ब्युरेटर रिकामे करावे, ऑइल बदलावे. इंजिन सुरू करून काही वेळाने तेल पुन्हा पाहावे. ते दुधाळ असेल तर पुन्हा बदलावे. दोन-तीन वेळा असे करावे लागणे नवल नाही.

चाकांतील अल्प हवा

एटीव्हीचा जन्म टायरांतून झाला, असे म्हटले तरी चालेल. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत ‘यूएस ९०’ हे तीनचाकी वाहन विक्रीस आणले. त्याला मोटारीसारखी स्प्रिंगांची बैठक नव्हती. कमी दाबाचे फुग्यासारखे टायरच खड्डे पचवीत. पुढे सुझुकीने १९८२ मध्ये चार चाकांचे ‘क्वाडरनर’ आणले. तीनचाकी वाहने वळणावर सहज उलटत. वाढत्या अपघातांमुळे १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि निर्माते यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि तेथे नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबली. आज चार चाके आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर आले असले, तरी टायरांतील दाब मात्र तसाच अल्प राहिला आहे.

बहुसंख्य एटीव्हींसाठी हा दाब ३ ते ७ पीएसआय इतकाच असतो. मोटारीत तो ३० पीएसआयच्या घरात असतो. पंपावर नेहमीच्या सवयीने हवा भरली, तर एटीव्हीचे टायर चेंडूसारखे टणक होतात, टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडली जाते आणि टायर फुटण्याचाही धोका असतो. तसे वाहन दगडावरून उसळते, वळणावर पकड सोडते आणि चालकाला फेकते. दाब फारच कमी असला, तर तीव्र वळणावर टायरची कड रिममधून निसटते. मोटारीचा दाबमापक ४ आणि ५ यांतील फरक दाखवू शकत नाही. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा मापक लागतो आणि तो वाहनाबरोबरच विकत घ्यावा. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ पीएसआय म्हणजे तब्बल पंचवीस टक्क्यांचा फरक. वाहन एका बाजूला ओढते त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. दाब थंड टायरांत, निघण्यापूर्वी पाहावा.

त्यानंतर प्रत्येक चाक जमिनीवरून उचलून वर आणि खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. डावी-उजवीकडे धरून हलविल्यावर सैलपणा आढळला तर स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोके पाहावीत. चाक हाताने फिरविताना दळल्यासारखा आवाज येणे हीही बेअरिंगचीच तक्रार. ॲक्सलच्या सांध्यांवरील रबरी बूट फाटला, तर आतील ग्रीस बाहेर आणि वाळू आत जाते. फाटलेला बूट वेळीच बदलला तर थोडक्यात निभावते, दुर्लक्ष केले तर अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. चाकांचे नट पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्यानेच आवळावेत आणि चाक काढून बसविले असेल तर पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा तपासावेत.

या तपासणीचे गांभीर्य वजनावरून लक्षात येईल. मोठ्या एटीव्हीचे वजन ३०० किलोंच्या पुढे जाते आणि ती उलटली तर चालक तिच्याखाली सापडतो. ऑस्ट्रेलियात शेतीवर या वाहनांचा वापर मोठा आहे. तेथे ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या क्वाड बाईकना चालकाचा बचाव करणारी चौकट बंधनकारक झाली आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या जुन्या वाहनांत अशी चौकट सहसा नसते. त्यामुळे हेल्मेट आणि सुस्थितीतील चाके यांवरच भिस्त उरते.

थ्रॉटल आणि ब्रेक

पुढील चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कधीही चुकवू नये. इंजिन बंद असताना हँडल पूर्ण डावीकडे, मध्यभागी आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. तिन्ही स्थितींत अंगठ्याची कळ दाबून सोडावी. ती दर वेळी चटकन मूळ जागी परतली पाहिजे. रेंगाळणारी कळ म्हणजे केबलमध्ये माती किंवा गंज आहे, अथवा केबल चुकीच्या वाटेने नेलेली आहे. अशा स्थितीत वाहन सुरूच करू नये. इंजिन तत्काळ बंद करणारी लाल कळही रोज तपासावी.

चिखलात ब्रेकचे पॅड रस्त्यावरच्या वाहनापेक्षा फार लवकर झिजतात. किनाऱ्यावरील वाहनांत कॅलिपरच्या पिना गंजून पॅड एकाच बाजूने झिजलेले आढळतात. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. ‘डॉट ३’ की ‘डॉट ४’, हे टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते.

पट्टा किंवा साखळी

मोठ्या एटीव्हींत स्कूटरप्रमाणे रबरी पट्ट्याने गती मिळते. हा पट्टा जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चढावर किंवा ओझे ओढताना ‘लो’ ऐवजी ‘हाय’ गिअरमध्ये वाहन दामटणे. जळक्या रबराचा वास आला, की थांबावे. पट्ट्याच्या घरात पाणी शिरले तर पट्टा घसरतो. तळाचे टोपण काढून पाणी सोडावे आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे वाढवून तो वाळू द्यावा. पट्ट्याला किंवा त्याच्या चक्रांना तेल लावू नये. छोट्या वाहनांत साखळी असते. वाळूच्या प्रदेशात तिच्यावर घट्ट तेल ओतले, तर वाळू आणि तेल यांचे पॉलिशच तयार होते. आधी स्वच्छता, मग साखळीसाठीचे हलके वंगण, असा क्रम ठेवावा.

मुलांच्या हाती देण्यापूर्वी

शेतघरासाठी घेतलेले वाहन घरातील मुले चालविणार, हे गृहीतच असते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची शिफारस अशी, की १६ वर्षांखालील मुलांनी प्रौढांसाठीची एटीव्ही चालवू नये. मुलांसाठीच्या छोट्या मॉडेलांत थ्रॉटलजवळ वेग मर्यादित ठेवणारा स्क्रू असतो. पर्यटकांना फिरविणाऱ्या वाहनांत तो बऱ्याचदा पूर्ण बाहेर काढलेला असतो. वाहन मुलाच्या हाती देण्यापूर्वी तो पुन्हा बसवून, मोठ्या माणसाने वाहन चालवून, प्रत्यक्ष वेग किती होतो ते पाहावे. काही वाहनांबरोबर दुरून इंजिन बंद करण्याचा रिमोट येतो. त्यातील सेल बदललेला आहे का, हे विचारण्याची आठवण सहसा राहत नाही.

पावसाळ्यातील मुक्काम

महाराष्ट्रात अनेक एटीव्ही जून ते सप्टेंबर उभ्याच असतात. भारतात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या वाहनांतील काही रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्यामुळे जुन्या वाहनाच्या पेट्रोल नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात. कार्ब्युरेटर असल्यास त्याच्या वाटीतील पेट्रोल तळाच्या स्क्रूने सोडून द्यावे, नाहीतर ते आटून बारीक छिद्रे बुजतात. बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या सुमारास असते, १२.४ च्या खाली गेली की भरून घ्यावी. उभे ठेवण्यापूर्वी ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्लता चार महिने बेअरिंगांशी खेळत बसते. चाके जमिनीवरून उचलून ठेवल्यास टायर एका जागी चपटे होत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा आणि तो काढण्याची चिठ्ठी हँडलला बांधावी.

पाऊस सरल्यावर किल्ली फिरविण्याआधी सीट उचलून एअर बॉक्स आणि वायरी पाहाव्यात. शेतघरातील उंदरांना फिल्टरचा फोम घरट्यासाठी फार आवडतो, आणि कुरतडलेल्या फिल्टरवर सुरू केलेले इंजिन पहिल्याच फेरीत त्या फोमचे तुकडेही आत ओढून घेते.